वस्तीत ड्रग्जची लॅब चालते आहे का, हे कसं ओळखायचं?

स्वयंपाकाच्या गॅसची साधी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह पितळेचा असतो. वापरून वापरून तो काळपट पडतो, दमट हवेत त्याच्यावर थोडी हिरवट झाकही येते. आता अशीच एक टाकी नाल्याच्या कडेला झुडपात टाकून दिलेली दिसली आणि तिचा व्हॉल्व्ह मोरचुदासारखा ठळक निळा-हिरवा पडलेला असला, तर तिथूनच मागं फिरा. तिला पायानं ढकलू नका, हलवू नका, भंगारात जाईल म्हणून उचलू तर अजिबात नका.

कारण असं आहे. पितळेत तांबं असतं आणि अमोनिया तांब्याला खातो. तो निळा रंग म्हणजे त्या खाण्याची खूण. स्वयंपाकाच्या गॅससाठी बनवलेल्या टाकीत कुणीतरी अमोनिया भरलेला होता, असा त्याचा अर्थ निघू शकतो. अमेरिकेच्या शेतीवाल्या भागांत हे वर्षानुवर्षं घडलं. तिथं निर्जल अमोनिया खत म्हणून वापरतात. मेथॅम्फेटामाइन, म्हणजे मेथ हा उत्तेजक नशेचा पदार्थ, बनवणारे तो शेतावरच्या मोठ्या टाक्यांतून चोरून घरगुती टाक्यांत भरून न्यायचे. पोखरलेला व्हॉल्व्ह नुसत्या धक्क्यानं निखळू शकतो. आतला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, म्हणजे बाहेर पडताक्षणी त्याचा वायू होतो, आणि तो जिथं ओलावा सापडेल तिथं धाव घेतो. माणसाच्या अंगावर ओलावा कुठं असतो? डोळ्यांत, घशात, फुफ्फुसांत.

ही एक खूण मी मुद्दाम आधी सांगितली. ड्रग लॅबच्या खुणांच्या याद्या पुष्कळ मिळतात, पण नुसती यादी पाठ करून माणूस दोन्हीकडून फसतो. समोरचं खरं दिसत नाही, आणि नसलेलं दिसायला लागतं. खुणेमागचं कारण कळलं की ती आपोआप लक्षात राहते. शिवाय तीच गोष्ट दुसऱ्या साध्या कारणानंही घडत असेल का, हेही ताडून पाहता येतं.

लॅब म्हणजे नेमकं काय

लॅब म्हटलं की पांढरा कोट, काचेची भांडी असं काहीतरी मनात येतं. प्रत्यक्षात बेकायदा लॅब भाड्याच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात असते, बंद पडलेल्या कारखान्यात असते, शेतावरच्या शेडमध्ये, गोडाऊनमध्ये, मालवाहू कंटेनरमध्ये, कधी गाडीच्या डिकीतही असते. आत काय चालतं यावरून तिचे प्रकार पडतात. काही ठिकाणी रसायनांपासून मेथ, एमडीएमए (एक्स्टसी) किंवा मेफेड्रोनसारखा पदार्थ तयार होतो. मेफेड्रोन म्हणजे लोक ज्याला एमडी किंवा म्याऊ म्याऊ म्हणतात तो. काही ठिकाणी नुसती पावडर आणून, भेसळ करून, गोळ्या पाडल्या जातात. काही ठिकाणी बंद खोल्यांत दिव्यांखाली गांजा वाढवला जातो. आणि काही वेळा सगळा कारभार एका प्लॅस्टिकच्या बाटलीत उरकला जातो.

दर्शनी चेहरा तर काहीही असू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद राजवट कोसळली, त्यानंतर दमास्कसजवळच्या दौमा इथं एका वेफर्सच्या जुन्या कारखान्यात कॅप्टागॉन या उत्तेजक गोळ्यांचं उत्पादन चालत असल्याचं उघड झालं. गोळ्या लपवायला नकली फळं होती, विजेच्या स्टॅबिलायझरचे डबे होते. बाहेरून बघणाऱ्याला कारखाना म्हणजे कारखानाच.

म्हणून जागेच्या रूपावर जाऊ नका. लॅब कुठलीही असो, तिला चार गोष्टी चुकत नाहीत. तिला माल आणावा लागतो, आतली वाफ बाहेर सोडावी लागते, उरलेल्या घाणीची विल्हेवाट लावावी लागते, आणि हे सगळं लपवावं लागतं. बहुतेक खुणा या चार गरजांतूनच जन्माला येतात.

नाकाला आधी कळतं

वाफ बाहेर सोडल्याशिवाय आतला माणूसच टिकत नाही, त्यामुळं शेजाऱ्यांना पहिली चाहूल बहुधा वासानं लागते. मेथच्या लॅबजवळ मांजराच्या मुतासारखा किंवा अमोनियासारखा दर्प येतो. अ‍ॅसिटोन असलं की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. टोल्युइन रंगाच्या थिनरसारखं लागतं, ईथरला गोडसर औषधी वास असतो. आम्लाची वाफ असली तर वास कळायच्या आधीच घसा धरतो, ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. एमडीएमएच्या लॅबजवळ बडीशेपेसारखा गोड वास येतो, आणि तो सुखद वाटत असल्यामुळं कुणी त्याचा विचारही करत नाही. गांजाच्या लागवडीचा वास या सगळ्यांहून वेगळा आणि एकदा घेतला की न विसरण्यासारखा. नेदरलँड्समध्ये २०१० साली रॉटरडॅम आणि हेगमधल्या सुमारे ३० हजार घरांत खरवडून वास घ्यायची कार्डं वाटली गेली होती, ती एवढ्याचसाठी, की लोकांना तो वास ओळखता यावा.

इथं नाकाची एक खोड माहीत असायला हवी. काही वायूंच्या सान्निध्यात थोडा वेळ गेला की नाक बधिर होतं आणि वास थांबला असं वाटतं. कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड तर जास्त प्रमाणात असला की घ्राणशक्तीच लुळी पाडतो. म्हणजे वास कमी झाला याचा अर्थ धोका कमी झाला असा होत नाही. आणखी एक, वासाचं मूळ शोधत जवळ जवळ जाणं, दाराच्या फटीला नाक लावणं, बाटलीचं झाकण उघडून हुंगणं, यातलं काहीही करायचं नाही. विषाची परीक्षा पाहू नये, हे इथं शब्दशः लागू आहे.

वासाबरोबर वेळही बघा. रंगकाम चाललेल्या घरातून थिनरचा वास चार दिवस येतो आणि जातो. रोज रात्री एक-दीडला येणारा, पहाटे विरणारा, महिना-दोन महिने चालणारा भपका निराळा. आणि तो येत असताना शेजारच्या घरांतल्या दोघा-तिघांचं डोकं दुखतं, मळमळतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर ती नुसती नाकाची तक्रार उरत नाही. मग त्यामागं ड्रग्ज असोत की गॅसची गळती, कळवायलाच हवं.

खिडक्या बंद, पंखा चालू

मला स्वतःला सगळ्यांत बोलकी वाटते ती ही जोडी. लॅबची अडचण अशी की तिला एकाच वेळी उघडंही राहायचं असतं आणि बंदही. वाफ जायला हवी, पण आतलं कुणाला दिसायला नको. त्यातून विचित्र दृश्यं तयार होतात. खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्र, काळं प्लॅस्टिक नाहीतर चांदीसारखा कागद चिकटवलेला, फटींना टेप लावलेला, आणि त्याच खोलीचा एक्झॉस्ट फॅन कडाक्याच्या थंडीतही रात्रभर घरघरतोय. भिंतीला नव्यानं भोक पाडून जाडजूड नळी बाहेर काढलेली. माणसं पुन्हा पुन्हा अंगणात येऊन खोल श्वास घेतात, सिगारेट ओढायची तर घरापासून लांब जाऊन ओढतात. आत ज्वालाग्राही वाफ असेल तर काडी ओढायची भीती त्यांनाही असतेच.

गांजाच्या लागवडीत हेच थोडं वेगळं दिसतं. तिथं प्रखर दिवे दिवसाचे बारा-अठरा तास लागतात, त्यामुळं उष्णता आणि दमटपणा. खिडकीच्या काचांवर आतून सतत बाष्प, भिंतीला बुरशी, बर्फ पडणाऱ्या गावात सगळ्या छपरांवर बर्फ आणि या एकाच छपरावरचं वितळलेलं. वीज प्रचंड लागते, मग मीटरला वळसा घालून चोरीची जोडणी केलेली असते, आणि तिच्यामुळं आगी लागतात.

गोळ्या पाडणाऱ्या ठिकाणी वाफ फारशी नसते. तिथं आवाज असतो. यंत्राचा एका लयीत पडणारा ठोका, मजल्याला जाणवणारी थरथर, आणि दाराबाहेर, जिन्यावर रंगीत बारीक पूड.

माल येतो कुठून

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण सामान्य माणसाच्या नजरेला यातलं फार थोडं पडतं. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं ड्रग्ज बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या दोन याद्या केल्या आणि त्यांच्या व्यापारावर देशांनी लक्ष ठेवायचं ठरलं. त्यात अ‍ॅसिटोन, ईथर, टोल्युइन, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल यांसारखी रोज लाखो कारखान्यांत प्रामाणिकपणे वापरली जाणारी रसायनंही आहेत. त्यामुळं एखाद्याकडं थिनरचा कॅन दिसला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. खटकायला हवं ते प्रमाण आणि विसंगती. राहत्या घरात निळे ड्रम कशाला? ड्रमवरची लेबलं खरवडून का काढलीत? उत्पादन बंद असल्याचं सांगणाऱ्या कारखान्यात रात्री टेम्पो का रिकामा होतो, आणि तयार माल म्हणून काहीच बाहेर जाताना का दिसत नाही?

सर्दीच्या गोळ्यांचंही असंच. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या मेथसाठी घाऊक प्रमाणात गोळा केल्या जायच्या. अमेरिकेनं २००६ मध्ये लागू झालेल्या कायद्यानं त्यांच्या विक्रीवर माणशी दिवसाला ३.६ ग्रॅम आणि ३० दिवसांना ९ ग्रॅमची मर्यादा घातली, दुकानात नोंदवही ठेवायला लावली. घरगुती लॅब त्यानंतर घटल्या आणि उत्पादन मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोतल्या अवाढव्य लॅबकडं सरकलं. तरीही एका घराच्या कचऱ्यात गोळ्या काढून घेतलेली शेकडो रिकामी पाकिटं सापडणं ही आजही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

कचरा खोटं बोलत नाही

माल लपवता येतो, माणसं लपवता येतात, कचरा लपवणं सगळ्यांत कठीण. कारण तो बनवलेल्या मालापेक्षा कितीतरी जास्त असतो. लिस्बनमधल्या युरोपीय अमली पदार्थ संस्थेच्या अंदाजाप्रमाणं एक किलो एमडीएमए बनवताना ६ ते १० किलो घाण उरते आणि अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक पदार्थाच्या एका किलोमागं २० ते ३० किलो. आता ही घाण रोजच्या घंटागाडीत टाकली तर पकडले जाऊ. म्हणून ती रात्री गाडीत घालून लांब नेली जाते आणि जंगलात, नाल्यात, रस्त्याकडेला सोडली जाते. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या नॉर्थ ब्राबंट प्रांतात वनरक्षकांना असे ड्रम आणि कॅन वारंवार सापडतात. कधी ही घाण गुरांच्या शेणाच्या टाकीत मिसळली जाते, आणि ते खत शेतात पसरलं की विष मातीत उतरतं.

म्हणून कचऱ्याकडं बघताना दोन गोष्टी बघा. एक, जे असायला हवं ते नसणं. चार माणसं राहतात आणि महिनोन् महिने त्यांचा कचरा बाहेर येत नाही, किंवा ते स्वतःच्या पिशव्या दुसऱ्याच इमारतीच्या डब्यात टाकून येतात. दोन, जे नसायला हवं ते असणं. लाल-तपकिरी डाग पडलेले गाळणकागद आणि फडकी, भोक पाडून नळी खुपसलेली झाकणं, दोन थरांत वेगळं झालेलं पाणी असलेल्या बाटल्या, वापरलेले हातमोजे आणि गॅस मास्कची गाळणी, पिवळट डाग पडलेलं बेसिन. परसात एकाच जागी पुन्हा पुन्हा जाळल्याचा खड्डा, आणि आजूबाजूला सगळं हिरवं असताना गटाराच्या तोंडाशी मेलेलं गवत.

जिच्यात मेथ बनवतात त्या बाटलीचं मात्र वेगळं सांगायला हवं. सरबताची दोन लिटरची बाटली असते तेवढीच. तळाशी पांढरट-राखाडी चिखलासारखा साका, वर धूसर पाणी, बाटलीचं अंग फुगून टणक झालेलं, काही ठिकाणी प्लॅस्टिक वितळून सुरकुतलेलं. रस्त्याकडेला पडलेल्या शंभर बाटल्यांमध्ये ती कुणाला उठून दिसत नाही. अमेरिकेत अशा बाटलीत मेथ बनवण्याची पद्धत पसरली तेव्हा भाजलेल्या माणसांच्या उपचारांचा भार तिथल्या रुग्णालयांवर पडला. बनवणारेही त्यात होरपळले आणि ज्यांचा काही संबंध नव्हता तेही. टाकून दिलेल्या बाटलीतली क्रिया संपलेली असेलच असं नाही. झाकण फिरवलं की हवा आत जाते आणि ती पेट घेऊ शकते.

आणि ही बाटली उचलतो कोण? कचरा वेचणारी बाई, सफाई कामगार, खेळताना चेंडू शोधायला झुडपात शिरलेलं पोर. या विषयावर बोलताना घरमालकांना आणि पोलिसांना सांगितलं जातं, पण या माणसांपर्यंत कुणी पोचत नाही, याची मला खरोखर चीड येते. आपल्या भागातल्या सफाई कामगारांना पाच मिनिटं थांबवून एवढं जरी सांगितलं, की फुगलेली बाटली, निळा पडलेला व्हॉल्व्ह आणि लेबल नसलेला कॅन उचलायचा नाही, मुकादमाला सांगायचं, तरी त्याचा उपयोग या सगळ्या लेखापेक्षा जास्त होईल.

साप साप म्हणून भुई धोपटू नये

आता उलट बाजू, आणि ती तितकीच गंभीर आहे. वर लिहिलेल्या जवळपास प्रत्येक खुणेला साधं, निरपराध कारण असू शकतं. रात्रपाळी करणारा माणूस दिवसा झोपायला खिडक्यांना काळा कागद लावतो. दागिने घडवणारा आम्ल वापरतो. फर्निचरला पॉलिश करणारा, साबण किंवा सुगंधी तेलं बनवणारा, टाक्यांत मासे पाळणारा, नखं रंगवण्याचा व्यवसाय घरातून करणारी, या सगळ्यांकडं रसायनं, नळ्या, पंखे असतात. मांजराच्या मुताचा वास बहुतेक वेळा मांजराचाच असतो. वेळी-अवेळी येणारी-जाणारी माणसं म्हणजे मित्रमंडळी असू शकतात. आणि भाडं रोख देणारा, कुणाशी न बोलणारा, वेगळी भाषा बोलणारा, वेगळे कपडे घालणारा शेजारी हा फक्त वेगळा शेजारी असतो.

शितावरून भाताची परीक्षा करायची ही जागा नव्हे. एका खुणेला काहीही किंमत देऊ नका. तीन-चार खुणा एकत्र येतात का, त्या आठवडेच्या आठवडे टिकतात का, आणि वर सांगितलेल्या चार गरजांपैकी निदान दोन-तीन तरी त्यांतून उघड दिसतात का, ते बघा. वास आहे, पण लपवालपवी नाही आणि कचराही नेहमीसारखाच आहे, तर बहुधा कुणीतरी खुर्च्यांना पॉलिश करतंय. वास आहे, खिडक्या बंद आहेत, ड्रम आत जातात आणि कचरा रात्री गाडीतून बाहेर जातो, तर कुठंतरी पाणी मुरतंय.

राईचा पर्वत झाला की काय होतं, याचा धडा न्यूझीलंडनं दिला. तिथं मेथच्या लॅबची भीती इतकी वाढली की घराच्या पृष्ठभागावर मेथचा अगदी बारीकसा अंश सापडला तरी घर दूषित ठरवलं जाऊ लागलं. २०१७ च्या मानकात ही मर्यादा १०० चौरस सेंटिमीटरला १.५ मायक्रोग्रॅम होती. सरकारी घरांतून शेकडो भाडेकरू बाहेर काढले गेले. मे २०१८ मध्ये पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार सर पीटर ग्लकमन यांच्या अहवालानं सांगितलं, की घरात कुणी मेथ ओढलं आणि घरात मेथ बनवलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढल्यामुळं राहिलेल्या अंशानं नंतरच्या रहिवाशांना अपाय झाल्याचा पुरावा नाही, आणि मर्यादा १५ मायक्रोग्रॅम धरली तरी चालेल. सरकारी गृहसंस्थेला भाडेकरूंची माफी मागून भरपाई द्यावी लागली. पण ज्यांची घरं गेली त्यांची ती वर्षं गेलीच.

असाच एक समज फेंटानिल या अफूच्या जातीच्या अतितीव्र पदार्थाबद्दल आहे, की पावडर नुसती बोटाला लागली तरी माणूस कोसळतो. २०१७ साली अमेरिकेतल्या विषवैद्यकांच्या दोन संस्थांनी मिळून स्पष्ट केलं, की चुकून झालेल्या अशा स्पर्शानं विषबाधा होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. अनोळखी पावडरीला हात लावायचा नाहीच, लागला तर साबण-पाण्यानं धुवायचा. पण या भीतीपायी बेशुद्ध पडलेल्या माणसाला मदत करायला मागं हटायचं नाही.

चुकून आत पाऊल पडलं तर

घरमालक, मीटर वाचणारे, दुरुस्तीला आलेले प्लंबर, इस्टेट एजंट यांच्यावर ही वेळ खरोखर येते. दार उघडलं, भपका आला, समोर भांडी आणि नळ्या दिसल्या. त्या क्षणी माणसाचा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडं जातो. तो आवरा. ईथर उणे ४५ अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, अ‍ॅसिटोन उणे २० अंशांच्या आसपास. या वाफा हवेपेक्षा दुपटीहून जड असल्यामुळं वर उडून जात नाहीत, जमिनीवरून पाण्यासारख्या पसरत जातात आणि दूरच्या खोलीतली ठिणगीसुद्धा गाठतात. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशीच बंद करतानाही पडते. म्हणून जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंद. शेगडी, पंखा, फ्रिज, काहीही छेडू नका. नळाचं पाणी ओतू नका. काही रसायनं पाण्यानंच भडकतात. कसली झाकणं लावू नका, काढूही नका. फोटो काढायला थांबू नका, फोन बाहेर गेल्यावर लावा.

आल्या पावली परत फिरा आणि वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला लांब जाऊन थांबा. बाहेर आल्यावर डोळे चुरचुरत असतील तर स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा. कपड्यांवर काही सांडलं असेल तर ते तिथंच उतरवा आणि घरच्या कपड्यांत मिसळू नका. श्वास लागत असेल, छातीत आवळत असेल तर ताबडतोब रुग्णालयात जा आणि रसायनांच्या वाफेत होतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते दम्याच्या रुग्णासारखं नुसतं औषध देऊन घरी पाठवणार नाहीत. काही वायूंचा फुफ्फुसांवरचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो.

आतली माणसं समोर आली तर शोधाशोध केल्याचं दाखवू नका. चुकीच्या पत्त्यावर आलो, पुन्हा येतो, असं काही म्हणून निघा. धमकावू नका, जाब विचारू नका. अशा जागी हत्यारं असतात, आणि मेथ घेऊन दोन-तीन रात्री न झोपलेला माणूस सावलीलाही शत्रू समजतो.

कळवायचं कसं

वास असह्य असेल, धूर असेल, कुणी भाजलं असेल तर सरळ आपत्कालीन क्रमांक लावा. तसं नसेल आणि आठवड्यांचा संशय असेल तर पोलिसांचं अमली पदार्थविरोधी पथक किंवा निनावी माहितीची लाइन गाठा. क्राइम स्टॉपर्स ही निनावी माहिती देण्याची पद्धत १९७६ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात सुरू झाली आणि आज अनेक देशांत आहे. इतर ठिकाणीही पोलिसांच्या अशा सोयी असतात. नाव न सांगता बोलायचं असेल तर सुरुवातीलाच तसं म्हणा.

सांगताना आपला निष्कर्ष बाजूला ठेवा आणि जे दिसलं, जे नाकाला लागलं तेवढंच सांगा. 'शेजारी ड्रग्ज बनवतो' या वाक्यानं पोलिसांच्या हाती काही लागत नाही, आणि ते खोटं ठरलं तर एका माणसाचं आयुष्य नासतं. 'मागच्या तीन आठवड्यांत आठ-नऊ वेळा रात्री एक ते चार नेलपॉलिशच्या द्रवासारखा वास आला, तारखा अशा अशा. मागच्या खिडक्या आतून काळ्या केल्यात. मंगळवारी रात्री पांढऱ्या टेम्पोतून लेबल नसलेले सहा ड्रम उतरवले' या वाक्यांवर काम सुरू करता येतं. एका वहीत तारीख, वेळ आणि गोष्ट लिहीत जा, आपल्याच घरातून जेवढं दिसतं तेवढंच. कुंपण ओलांडून, पाठलाग करून, ड्रोन उडवून पुरावे गोळा करू नका.

आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तुमचा संशय खरा असेल तर ते लोक तासाभरात गाशा गुंडाळून दुसऱ्या वस्तीत जातील आणि घाण तुमच्याकडं सोडतील. संशय खोटा असेल तर त्या घराच्या दारावर जमाव जाईल. दोन्हीकडून नुकसानच.

कळवल्यावर लगेच काही घडताना दिसणार नाही. पथक पाळत ठेवतं, रसायनतज्ज्ञ आणि अग्निशमन दल बरोबर घेऊन छापा घालावा लागतो, त्याला दिवस लागतात. दुर्लक्ष झालं असं वाटत असलं तरी नवीन काही दिसलं तर पुन्हा फोन करून कळवा.

छाप्यानंतर पोलीस रसायनं आणि सामान घेऊन जातात, घर स्वच्छ करून देत नाहीत. वाफ भिंतींत, गालिच्यात, गाद्यांत, पंख्याच्या पात्यांवर बसलेली असते आणि बेसिनमधून ओतलेलं गटारात गेलेलं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००९ मध्ये अशा घरांच्या सफाईसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा, की आधी भरपूर हवा खेळवा, गाद्या-गालिचे यांसारख्या शोषून घेणाऱ्या वस्तू काढून टाका, कठीण पृष्ठभाग साबण-पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा, तपासणी करा आणि मगच रंग लावा. पुष्कळ घरमालक उलटं करतात, वरून रंगाचा एक हात मारून महिन्याभरात नवा भाडेकरू ठेवतात. भाड्यानं घर घेताना आधी इथं काय होतं, ही चौकशी शेजाऱ्यांकडं केली तर घरमालकापेक्षा खरं उत्तर मिळतं.

शेवटचा मुद्दा लहान मुलांचा. अशा घरांत मुलं राहत असतात, हे ऐकायला कठीण वाटतं, पण असतात. ती जमिनीवर रांगतात, जिथं जड वाफ बसलेली असते. हात तोंडात घालतात. शरीराच्या मानानं श्वास जास्त घेतात. शाळेतल्या बाईंना एखाद्या मुलाच्या दप्तराला, स्वेटरला रोज तोच रसायनाचा वास येतो, हातांवर न सांगता येणारे भाजल्याचे डाग दिसतात, मूल घरी कुणाला बोलवायला घाबरतं. कित्येक देशांत छाप्याच्या वेळी मुलांसाठी वेगळी पद्धत ठरलेली आहे. बालकल्याण खात्याचा माणूस बरोबर असतो, मुलांची वैद्यकीय तपासणी होते, अंघोळ घालून नवे कपडे दिले जातात. जुनं काहीच बरोबर नेता येत नाही, कापडी बाहुलीसुद्धा, कारण तिच्यातही विष मुरलेलं असतं.

म्हणून फोन लावाल तेव्हा घरात मूल असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. वास, ड्रम, खिडक्या नंतर. मूल आहे हे कळलं की पोलीस छाप्याची वेळ बदलू शकतात, बरोबर कोण न्यायचं तेही बदलू शकतात.